चार नंबरची पाठवणी

९ नोव्हेंबर १९९७, रविवार

आज दादांनी त्यांच्या खोलीतल्या टीव्हीवर जयंतीच्या मिरवणुकीची कॅसेट पाहिली. व्हीसीआर बाहेरच्या खोलीत, टीव्ही अंगणापलीकडे, आणि मध्ये वायर नाही. एक इंचसुद्धा नाही. म्हणून ही वही काढली. एवढं काम केलं आणि लिहून ठेवलं नाही, तर उद्या माझाच माझ्यावर विश्वास बसायचा नाही.

वायर दोनदा टाकून पाहिली होती. एकदा ती म्हशीच्या शिंगात अडकली, दुसऱ्यांदा उंदरांनी खाल्ली. दादा मार्चपासून अंथरुणावर आहेत. उजवी बाजू गेली, वाचा गेली. 'त' आणि 'थ' एवढंच तोंडातून निघतं. कारखान्यात तीस वर्षं फिटरकी केलेला, प्रत्येक मोर्चात पुढं चालणारा माझा बाप दिवसभर पत्रे मोजत पडतो ते मला बघवत नाही.

देवळालीच्या माझ्या टीव्ही-दुरुस्तीच्या दुकानात सुटे भाग पडलेलेच होते. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सगळं बसवलं, रात्री चार ठिकाणी कथलाचे डाग दिले. व्हीसीआरचं चित्र या डब्यातून हवेत जातं आणि दादांच्या टीव्हीवर चार नंबरला उतरतं. टीव्हीचा भोंगा फाटलाय म्हणून आवाज त्यांच्या उशाशी असलेल्या स्टिरिओ डेकला जोडला. दादांना कानाला कमी येतं, पण डेकचे दोन बॉक्स लावले की सगळं कळतं. ढोल वाजला तसा त्यांचा डावा हात गोधडीवर ताल धरायला लागला.

माझी बायको शुभा म्हणाली, "लोक लेकीची पाठवणी करतात, तुमी चित्राची केली." डब्याचं नाव पाठवणी पडलं.

१२ नोव्हेंबर

चित्रात मुंग्या फार येत होत्या. मधल्या भिंती काळ्या दगडाच्या. आज डबा छपरावरच्या अँटेनाला जोडला आणि मध्ये बूस्टर घातला, उलटा. लोक बाहेरचं आत ओढायला बूस्टर लावतात, मी आतलं बाहेर ढकलायला लावला. चित्र आता काचेसारखं.

संध्याकाळी शेजारची लंकाबाई ताक न्यायला आली. म्हणाली, "मिरवणूक मधीच का बंद केली वो? आमची पोरगी त्यात दिसनार हुती." आमच्या खिडकीतून किती दिसतं या बाईला, कमाल आहे.

१६ नोव्हेंबर

आता माइकसुद्धा जोडला. त्याचं कारण शुभा.

दोन वर्षांपूर्वी सरपंचपद राखीव निघालं, बाईसाठी, आणि तीही आमच्या समाजातल्या. गावानं शुभांगीला बसवलं ते ती दहावी झाली म्हणून नव्हे, सही करेल आणि गप्प राहील म्हणून. त्याआधी सरपंच कोणीही असो, शिक्का गहिनीनाथ तात्यांच्या खिशात असायचा. शुभानं पहिल्याच महिन्यात शिक्का मागून घेतला. तो आता आमच्या पिठाच्या डब्यामागं असतो. आणि यंदा तिनं गायरानाची मोजणी मागितलीय. गावच्या गायरानात अकरा एकरांवर तात्यांचा ऊस उभा आहे, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. बोलायचं कुणी, हा प्रश्न होता.

त्यामुळं आमच्या बाहेरच्या खोलीत रोज बैठक. दादांना ते सगळं ऐकायचं असतं. खाट उचलून आणावी तर पाठीला जखमा होतात. मग मी व्हीसीआरवरच्या विणलेल्या रुमालाखाली माइक ठेवला. बटण चालूच ठेवतो, बंद-चालू कोण करत बसणार. खोलीत सुई पडली तरी दादांच्या डेकमधून ऐकू येते.

१९ नोव्हेंबर

दुकानात खुद्द तात्या आले. चौदा इंची काळापांढरा टीव्ही घेतला. "मोटारखोलीत गडी रातचे कंटाळत्यात," म्हणाले. मोटारखोली म्हणजे त्यांच्या विहिरीवरची, आमच्या दादांच्या मागच्या खिडकीसमोर. मध्ये फक्त बैलगाडीचा रस्ता.

तात्या माझ्या दुकानात येऊन रोख वस्तू घेतात म्हणजे मनात फार काही ठेवलेलं नाही. शुभाला हे सांगितलं तर ती नुसती भाकरी थापत राहिली.

अँटेना मीच बसवून दिली, तोंड नगरच्या मनोऱ्याकडे करून.

२२ नोव्हेंबर

तात्यांच्या गड्यांनी अँटेना फिरवून ठेवलीय. तोंड सरळ आमच्या घराकडे. अडाणी कारभार. मी शिडी लावून पुन्हा नगरकडे केली आणि गड्याला समजावलं. तो मान हलवून हसला. संध्याकाळी बघतो तर पुन्हा आमच्याकडे. जाऊ दे, बघा म्हणावं मुंग्या.

२५ नोव्हेंबर

आज मोजणी होणार होती. शुभानं तारीख कुणाला सांगितली नव्हती. काल घरात ते बोलणं झालं तेव्हा फक्त ती, मी आणि गोजरबाई. गोजरबाई म्हणजे शुभाच्या बाजूची पंचायत सदस्य, विधवा, मजुरीला जाणारी, आवाज असा की पारावरची कुत्री उठावीत. सकाळी भूकरमापक आले तर गायरानाच्या वाटेवर उसाच्या दोन ट्रॉल्या आडव्या पडलेल्या. जुनी हद्दीची निशाणी होती तो दगड रातोरात गेलेला. साहेब चहा पिऊन परत गेले.

परतताना तात्या भेटले. आवाजात मध. "भीमराज, दादांच्या पाठीच्या जखमेतून पानी यायला लागलं म्हनं. कडुलिंबाच्या पाल्यानं धूत जा." मला बरं वाटलं. जखमेला पाणी सुटल्याचं कालच तर आमच्या लक्षात आलं होतं. एवढी विचारपूस सख्खा भाऊ करत नाही.

दादा आज खिडकीकडे हात करून "त... त... थ..." करत होते. वारं लागत असेल म्हणून मी खिडकी लावून घेतली. तर डोळ्यांतून पाणी काढलं.

३० नोव्हेंबर

तात्या अविश्वास ठराव आणणार हे आता उघड आहे. हिशोब साधा आहे. सदस्य सात. पाच हात वर झाले की शुभा गेली, आणि शुभा गेली की मोजणी गेली. तात्यांकडे चार हात पक्के आहेत. आमच्याकडे शुभा, गोजरबाई आणि भिमाजी. तिघांतला एक जरी फुटला तरी संपलं.

भिमाजी मवाळ माणूस. आज आला तो बराच वेळ टोपी हातात घेऊन बसला. मग सांगून टाकलं. त्याची लेक सासरहून परत आलीय, सहा महिने झाले. गावात सांगितलंय बाळंतपणाला आलीय. नवरा नांदवायला तयार नाही. "ही गोष्ट माझ्या भावालाबी ठाव न्हाई," म्हणाला. "तात्यांनी ह्यात हात घातला तर मी कुठला टिकतोय, वैनी."

गोजरबाई म्हणाली, "हितली गोष्ट हितं पुरली बघ." आम्ही सगळ्यांनी तसंच सांगितलं.

४ डिसेंबर

पुरली कुठली. परवा तात्यांची जीप भिमाजीच्या जावयाच्या दारात. भिमाजीला निरोप आला, की सोमवारी ठरावाची नोटीस जाईल, बैठकीत भिमाजीचा हात वर झाला की दुसऱ्या दिवशी लेक नांदायला. नाही झाला तर लेक का परत आली ते चावडीवर वाचून दाखवू.

मी रात्रभर जागा होतो. त्या खोलीत होतो आम्ही चौघंच. भिमाजी स्वतःच्या गळ्यात फास घालून घेणार नाही. शुभा नाही, मी नाही. राहिलं कोण? कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ते उगाच नाही.

सकाळी गोजरबाई आली तेव्हा मी तोंडावर विचारलं. मोजणीच्या वेळीही तीच होती, आताही तीच. तात्यांच्या उसात खुरपायला जाते ती कशाची मजुरी घेते, असंही बोललो. ती रडली नाही की भांडली नाही. एवढंच म्हणाली, "भीमराजभाऊ, मी गरीब हाय, पर माझ्या तोंडाला कडी हाय. तुमच्या घराला न्हाई." आणि चप्पल घालून गेली.

वाईट वाटलं. पण कठोर व्हावं लागतं.

६ डिसेंबर

सकाळी वस्तीवर वंदना झाली. तिथूनच शुभा गोजरबाईकडे गेली, माझ्या वतीनं माफी मागायला. मला न विचारता. परत आली ती घरात न शिरता अंगणात उभी राहून छपराकडे बघत राहिली. मग मोटारखोलीच्या अँटेनाकडे.

मला हातानं खुणावून गोठ्यापाशी बोलावलं. "ही पाठवणी कुठवर जाते?"

मी म्हणालो, "दादांच्या खोलीपर्यंत. वीस पावलं."

"मग वीस पावलांवर ती थांबते कशी?"

बायकांना हे समजावणं अवघड. मी म्हणालो, हे शास्त्र आहे, टीव्ही असेल तिथं उतरतं. ती माझ्याकडे बघत राहिली. चार वर्षांच्या लेकराकडे बघावं तसं. आणि "बरं," म्हणाली.

८ डिसेंबर

नोटीस गेली. तहसीलदारांनी पंधरा तारखेला बैठक लावली.

घरात मात्र चमत्कार झालाय. गोजरबाई पुन्हा यायला लागलीय. माझ्याशी बोलत नाही, पण शुभासोबत व्हीसीआरला अगदी खेटून बसते आणि दोघी मोठ्यांदा बोलतात. एवढ्या मोठ्यांदा की दादांचा डेक चरचरतो. मी म्हणालो, जरा हळू, भिंतीला कान असतात. गोजरबाईनं पदर तोंडाला लावला.

भिमाजी आज स्वतःहून आला. अंगणातच शुभाला म्हणाला, "मला हितनं कुठंतरी घेऊन जा. हितं ऱ्हायलो तर माझा हात आपसूक वर व्हईल." निवडणुकीआधी, ठरावाआधी सदस्यांना फिरायला न्यायची रीत जुनीच आहे. मोठे लोक मोटारींनी नेतात, आम्ही एसटीनं नेऊ.

ठरलं. शुभानं बाहेरच्या खोलीत दोनदा सांगितलं, जसं काही मी बहिरा आहे. "गुरुवारी भंडारदऱ्याला जायचं. धरणाच्या खालच्या अंगाला, ठाकरवाडीत, माझ्या मामेभावाकडं. पंधराला सकाळी सरळ बैठकीला यायचं."

११ डिसेंबर, गुरुवार

तिघं अंधारातच निघाले. शुभाची औषधाची पिशवी राहिली म्हणून मी सायकल मारत हायवेच्या फाट्यावर गेलो. बघतो तर हे नगरच्या गाडीत बसलेले. भंडारदऱ्याला जायचं तर गाडी संगमनेरची हवी. मी खिडकीपाशी जाऊन तसं म्हणालो. शुभानं वाकून माझा हात धरला.

"भंडारदरा न्हाई. काष्टी. गोजरबाईच्या बहिणीच्या घरी, बाजारतळामागं." गाडीत ओळखीची तोंडं होती, ती अगदी कानात बोलत होती. "घरात बोलू नका. समजलं का? घरात न्हाई."

गाडी सुटली.

तिनं शेवटी मला सांगितलं याचं फार बरं वाटलं. गोजरबाईला माहीत आणि नवऱ्याला नाही, हे कसं दिसलं असतं?

१२ डिसेंबर

तात्यांची जीप काल दुपारी संगमनेरच्या रस्त्यानं गेली होती, आत सहा माणसं. आज संध्याकाळी परत आली. लाल मातीनं चाकापासून टपापर्यंत भरलेली. तात्या उतरले ते आमच्या छपराकडे बघत उभे राहिले. तोंड असं की विस्तव विझावा.

म्हणजे भंडारदरा त्यांना कळलं होतं. आमच्यात फितूर अजून आहेच. मनातल्या मनात शुभाला हात जोडले.

१३ डिसेंबर, शनिवार

दादांनी काल दुपारपासून अन्न घेतलं नाही. तात्यांची माणसं मागच्या रस्त्यावर उभी राहून बोलतात. "सापडू द्या, भिमाजीला उचलून आनू, मधी येईल तिचे हात जाग्यावर ऱ्हानार न्हाईत." खिडकीला लागूनच बोलतात, दादांच्या कमी कानांनाही पोचेल असं. दादांना वाटतं शुभा तिकडं डोंगरात एकटी सापडेल. भाताचा घास ओठाशी नेला की मान फिरवतात. पेज दिली ती गालावरून खाली. डॉक्टर म्हणाले होते, यांना घोर लागू देऊ नका, दुसरा झटका आला तर हाती काही राहणार नाही.

दुपारपर्यंत विचार केला. शुभानं घरात बोलू नका म्हटलं होतं. घरात म्हणजे घरातल्या माणसांत. म्हणजे माझ्या चुलत भावांत, वहिन्यांत, आल्यागेल्यांत. दादा काय आल्यागेल्यांत मोडतात? बोलता न येणारा माणूस, तो कुणाला सांगणार? याच्याइतकं भरवशाचं माणूस जिल्ह्यात नाही.

समोर बसून ओरडून सांगायची सोय नव्हती, रस्त्यावर माणसं होती. म्हणून बाहेरच्या खोलीत आलो, दार लावलं आणि माइक तोंडाशी धरून दादांच्या डेकवर हळू, स्पष्ट सांगितलं. दोनदा सांगितलं. "दादा, घोर करू नका. शुभा भंडारदऱ्याला नाही. ती तिघं काष्टीला आहेत. काष्टीला. बाजारतळामागं, गोजरबाईच्या बहिणीकडे. सुखरूप आहेत. आता जेवा."

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. गेलो तर दादांनी डाव्या हातानं पितळी फेकली होती आणि अर्धे खाटेखाली आले होते. डेकची वायर मुठीत धरून ओढत होते. "त... त... थ..." तोंडाला फेस. मी उचलून वर घेतलं, छातीशी धरलं. म्हटलं, आनंद झाला का दादा. तर त्यांनी माझ्या तोंडावर मारलं. बापानं मला आयुष्यात कधी हात लावला नव्हता. आजारपणात माणसाचं डोकं फिरतं, मी मनावर घेतलं नाही.

मागून जीप सुरू झाल्याचं ऐकलं. खिडकी उघडून पाहिलं. या वेळी ती नगरच्या रस्त्याला लागली. पुढं ड्रायव्हरशेजारी भिमाजीचा जावई बसला होता. बाजाराला चालले असतील.

१५ डिसेंबर

पाच हात वर झाले.

बैठक दहा मिनिटांत आटोपली. भिमाजीनं हात वर केला तेव्हा डोळे मिटलेले होते. तो तात्यांच्या जीपमधूनच आला आणि जीपमधूनच गेला. गोजरबाईचा उजवा हात झोळीत होता. तेरा तारखेला संध्याकाळी काष्टीत जीपचं दार धरून ती लोंबकळली, सोडलं नाही, तेव्हा दार तिच्या मनगटावर लावलं. बैठकीत तिनं ना हात वर केला ना तोंड उघडलं. बाहेर आल्यावर शिक्का मागायला शिपाई आला. शुभानं पिशवीतून काढून दिला.

घरी येऊन ती बाहेरच्या खोलीत बसली. मी पाणी दिलं. तिनं विचारलं, "काष्टी कुणाला सांगितलं?"

"कुणालाच नाही. फक्त दादांना."

"त्यांच्या कानात?"

मी उत्तर देईपर्यंत माझी नजर व्हीसीआरवरच्या रुमालाकडे गेली होती. तिचीही. मग तिनं सगळं सांगितलं. गोजरबाई तात्यांच्या उसात खुरपत होती तेव्हा मोटारखोलीतून तिला आमच्या घरातलं बोलणं ऐकू आलं होतं. सहा तारखेलाच दोघींना कळलं होतं.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तुमी त्याच दिवशी डबा तोडला असता. मग त्यांना कळलं असतं. त्यांना खोटं ऐकवायचं हुतं." ती रडत नव्हती. "सांगितलं तुमाला. म्हटलं, घरात बोलू नका. घरात."

चोर सोडून मी संन्याशिणीला फाशी दिली होती, आणि चोर माझ्या हातचाच होता. डाग मी दिले, बूस्टर मी लावला, त्यांचा टीव्ही मी विकला, अँटेनाही मीच बसवली. गोजरबाईचं मनगट मी मोडलं.

शुभा म्हणाली, "बोला की आता. गप का?"

मी व्हीसीआरशेजारच्या पाठवणीकडे बोट केलं. डब्यावरचा लाल दिवा चालू होता. आम्ही दोघं त्याच्यासमोर एवढा वेळ बोलत होतो. आत दादा रडत होते. आणि रस्त्यापलीकडे मोटारखोलीत कुणीतरी हसलं. एकच माणूस नव्हता, तीन-चार जण होते.

मी वायर उपटली. तरी शुभा आणि मी अजून खुणांनीच बोलतोय. लिहिलेलं कुणाला ऐकू जात नाही हे मला कळतं, एवढं शास्त्र येतं. पण वही दुकानात आणून, शटर अर्धं ओढून लिहितोय.